सोयावडीचं कूळ

सोयाबीनचं तेल काढून घेतलं की मागे उरते ती पेंड. जगातली बहुतेक पेंड कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात जाते. तिचा एक लहानसा वाटा मात्र माणसाच्या ताटासाठी राखून ठेवला जातो. तो दळून, यंत्रातून काढून, वाळवून वाण्याकडे येतो आणि आपण त्याला सोयाबीनच्या वड्या म्हणतो. दूध, तूप, अंडी, मांस असं प्राण्यांपासून मिळणारं सगळंच सोडलेल्या व्हीगन माणसाला डाळी-उसळींच्या जोडीला हाच स्वस्त आणि भरवशाचा आधार आहे. मॉलच्या फ्रीजरमध्ये दिमाखात बसलेल्या ‘वनस्पतिजन्य’ टिक्क्या आणि नगेट्सही बऱ्याचदा याच घराण्यातल्या असतात.

या घराण्याचा आपल्याकडचा एक धागा बडोद्याला सापडतो. १९३० च्या दशकात सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात अन्न-सर्वेक्षणाचं स्वतंत्र खातं होतं आणि सोयाबीनचा प्रसार हे त्याचं एक काम होतं. याच खात्याच्या एफ. एस. काळे यांनी १९३६ साली सोयाबीनवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यात लागवडीपासून आहारशास्त्रापर्यंत सगळं होतं, शिवाय पाककृतीही होत्या. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमवासीयांच्या जेवणात सोयाबीन आणून पाहिलं. बडोद्याच्या खात्याने काढलेल्या पत्रकातली माहिती त्यांनी ‘हरिजन’ साप्ताहिकातून लोकांपर्यंत पोचवली.

गांधीजींच्या या ओढीमागे जुनी बोच होती. १९१२ साली त्यांनी दूध सोडलं होतं. पुढे मोठ्या आजारपणात जीव वाचवण्यासाठी शेळीचं दूध घ्यावं लागलं आणि ते शल्य त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. दुधाची जागा घेईल असं वनस्पतींमधलं काहीतरी शोधून काढा, असं ते डॉक्टर-वैद्यांना कळकळीने सांगत राहिले. व्हीगन हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. तो १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी घडवला.

पण बडोदा आणि वर्ध्याच्या प्रयत्नांनंतरही सोयाबीन घराघरांत गेलं नाही, आणि त्याचं कारण दाण्यातच आहे. सोयाबीनचा दाणा तुरीसारखा पटकन शिजत नाही. भरडला की उग्र वास सुटतो. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, त्यामुळे चांगली उष्णता दिल्याशिवाय तो अंगी लागत नाही. सरपण जपून वापरणाऱ्या घरात असा दाणा कोण रोज शिजवणार? हा प्रश्न चांगल्या पाककृतींनी सुटण्यासारखा नव्हताच.

त्याचं उत्तर अमेरिकेत, आधी मोटारीच्या कारखान्यातून आलं. हेन्री फोर्डला सोयाबीनचं वेड होतं. १९३४ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने पाहुण्यांना सोयाबीनच्या पदार्थांचंच जेवण घातलं. त्याच्या पदरी असलेला रसायनज्ञ रॉबर्ट बॉयर सोयाप्रथिनापासून कापडाचा धागा काढत होता. प्रथिन अल्कलीत विरघळवायचं, बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचं, की त्याचे तंतू होतात. हाच तंतू खाल्ला तर, हे बॉयरच्या ध्यानात आलं आणि १९५४ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. शाकाहाराचा पुरस्कार करणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या मंडळींनी ही रीत उचलली. पण ती खर्चिक होती.

स्वस्त वाट काढली ती आर्चर डॅनियल्स मिडलंड या कंपनीच्या विल्यम ॲटकिन्सनने. जानेवारी १९७० मध्ये त्याला मिळालेलं पेटंट हाच आजच्या वडीचा जन्मदाखला. तेल काढलेलं सोयापीठ थोड्या पाण्यात कालवून एका जाड पोलादी नळीत सोडतात. आत मळसूत्र फिरत असतं. दाबाने आणि उष्णतेने पीठ शंभर अंशांच्या पुष्कळ वर तापतं, वितळल्यासारखं होतं आणि प्रथिनांचे धागे एका दिशेने ओढले जातात. मग सोऱ्यातून चकली पडावी तसं ते साच्याच्या तोंडातून बाहेर येतं. बाहेर येताक्षणी दाब सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते, पीठ फुगतं आणि त्याला जाळी पडते. फिरतं पातं त्याचे तुकडे करतं, ते वाळवले की झाली वडी. यासाठी पेंड फार भाजलेली चालत नाही. प्रथिन आधीच करपलं असेल तर ते फुगत नाही.

अमेरिकेने ही वडी आधी काटकसरीसाठी वापरली. १९७१ पासून तिथल्या शाळांच्या जेवणात मांसामध्ये ३० टक्क्यांपर्यंत भिजवलेला सोया मिसळायला परवानगी मिळाली. मांसातली भेसळ अशी तिची सुरुवात झाली. मांस पूर्ण वगळून बाजारात मानाने उभं राहणं पुढे घडलं. १९८२ साली लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्सने ‘व्हेजबर्गर’ विकायला काढला, तो कोरड्या मिश्रणाच्या रूपात. गव्हातलं प्रथिन, सोया, तीळ आणि ओट्स यांचं ते मिश्रण पाण्यात कालवून घरीच थापायचं आणि भाजायचं.

भारतात वडी आली ती पंतनगरच्या कृषी विद्यापीठातून. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने तिथे सोयाबीनच्या वाणांच्या चाचण्या झाल्या आणि त्याला जोडून प्रक्रियेचं कामही सुरू झालं. त्यातून ‘न्यूट्री नगेट’ बाजारात आलं. उत्तरेत अजूनही वडीला ‘न्यूट्री’च म्हणतात. पुढे मध्य प्रदेशात पीक पसरलं, इंदूरकडे तेलाचे कारखाने उभे राहिले आणि ‘न्यूट्रेला’ने ही वडी गावोगावच्या दुकानांत पोचवली. मराठी स्वयंपाकघरात तिला रुळायला वेळ लागला नाही. वाळवून ठेवलेल्या सांडग्यांची रस्साभाजी करणाऱ्या घराला वडी भिजवून रश्श्यात सोडणं शिकवावं लागत नाही.

घरची टिक्की करायची तर एकच पथ्य नीट पाळावं. वडी मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायची, मग गार पाण्यात धुऊन दोन्ही तळहातांमध्ये घट्ट पिळायची. पिवळसर, फेसाळ पाणी निघतं. उग्र वास त्याच पाण्यात असतो, म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत हे दोन-तीनदा करायचं. मग मिक्सरमधून जाडसर फिरवून उकडलेला बटाटा, भाजलेलं बेसन, आलं-लसूण-मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर आमचूर घालून मळायचं आणि तव्यावर तेल सोडून मंद आचेवर खरपूस भाजायचं. पाणी राहिलं तर टिक्की तव्यावर मोडते, अंड्याशिवाय बांधली जात नाही असं वाटतं. दोष पिळण्यातला असतो.

कोरड्या वडीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिन असतं. मात्र बी-१२ जीवनसत्त्व तिच्यात नाही. व्हीगन माणसाने ते वेगळं घ्यायलाच हवं. विकतच्या तयार टिक्कीत सोयाबरोबर तेल, स्टार्च, मीठ आणि वास-चवीची द्रव्यं येतात. सवड नसेल त्या दिवशी ती जरूर खावी, पण वेष्टनावरची घटकांची यादी वाचून. साध्या वडीच्या पुड्यावर एकच घटक असतो, तेल काढलेलं सोयापीठ.

मराठवाडा आणि विदर्भात आज सोयाबीन हे खरिपाचं एक मुख्य पीक आहे आणि लातूरच्या बाजाराकडे सगळ्यांचं लक्ष असतं. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि हंगामात पुष्कळ शेतकऱ्यांना तेवढाही मिळाला नाही. भाव ठरतो तेल आणि पेंडीवर, आणि पेंडीचा भाव ठरतो परदेशी बाजारावर. जिथे दाणा पिकतो तिथेच वडी झाली, ती शाळेच्या पोषण आहारात आणि आपल्या ताटात आली, तर या पिकाला घरचं गिऱ्हाईक मिळेल. बडोदा आणि मगनवाडीच्या मंडळींना हवं होतं ते हेच. तेव्हा यंत्र नव्हतं, आता आहे. शेतकरी कंपन्यांनी आणि बचतगटांनी हे काम हाती घ्यावं, आणि आपण ती वडी मागून घ्यावी.