घाई आणि निगुती : डेबियनच्या प्रतीक्षेचा इतिहास

शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. डेबियन या लिनक्स वितरणाचा इतिहास अभ्यासताना मला ती वारंवार आठवली. एसएलएस या तत्कालीन वितरणातील चुकांना कंटाळून इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३मध्ये हा प्रकल्प जाहीर केला. निगुतीने बांधलेली, निर्दोष प्रणाली हा त्यांचा हेतू होता. पुढे स्वयंसेवक वाढले, पॅकेजे हजारोंच्या घरात गेली आणि ‘तयार होईल तेव्हाच प्रकाशन’ हे ब्रीद जड जाऊ लागले. ‘वूडी’ ही आवृत्ती जुलै २००२मध्ये निघाली. त्यानंतरची ‘सार्ज’ थेट जून २००५मध्ये. दरम्यान, ऑक्टोबर २००४मध्ये, डेबियनच्याच पायावर उभ्या राहिलेल्या उबुंटूने दर ६ महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचा पायंडा पाडला.

डेबियनने २००० सालीच एक चाळणी बसवली होती. नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये येते. काही दिवस तेथे नवा गंभीर दोष आढळला नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकते; आणि त्यातूनच यथावकाश ‘स्टेबल’ घडते.

सावकाश म्हणजे सुरक्षित, असे मीही धरून चाललो होतो. २००८च्या घटनेने तो समज मोडला. डेबियनच्या ओपनएसएसएलमध्ये २००६ साली, तपासणी-साधनाचे इशारे थांबावेत म्हणून, एक बदल करण्यात आला होता. त्यामुळे गुप्त किल्ल्या घडवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्लीचे जेमतेम ३२,७६८ पर्याय उरले. ही चूक सगळी चाळणी ओलांडून ‘स्टेबल’मध्ये पोचली आणि मे २००८मध्ये उघड झाली. नियमाप्रमाणे दिवस भरले होते, पण त्या ओळींकडे नीट पाहिले कोणी नव्हते.

मार्च २०२४चे प्रकरण याच्या उलट. फायली आकुंचित करणाऱ्या ‘एक्सझेड’मध्ये मुद्दाम पेरलेली चोरवाट ‘अनस्टेबल’ आणि ‘टेस्टिंग’पर्यंत आली होती, ‘स्टेबल’ बचावले. ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ‘अनस्टेबल’ वापरताना एसएसएचच्या प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांना खटकले.

म्हणजे मागून येणाऱ्यांना वाचवले ते पुढे गेलेल्या एका चौकस माणसाने. थांबण्याला मोल येते ते त्या काळात कोणीतरी डोळे उघडे ठेवून पाहत असेल तरच. सगळेच अन्न निवण्याची वाट पाहत बसले, तर मीठ कमी पडल्याचे कळणार कोणाला?