एअर सस्पेन्शन काढून कॉइल स्प्रिंग बसवावी का? निर्णयापूर्वी तपासावयाच्या बाबी

जबलपूर : महागड्या मोटारींमध्ये चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये पोलादी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेला रबरी फुगा बसविलेला असतो. या रचनेस एअर सस्पेन्शन म्हणतात. मोटार जुनी झाल्यावर एखाद्या सकाळी तिचा एक कोपरा खाली बसलेला दिसतो. दुरुस्तीचा अंदाज ऐकल्यावर मालकासमोर दोन पर्याय उभे राहतात : मूळ यंत्रणा दुरुस्त करणे, किंवा ती काढून साधी कॉइल स्प्रिंग बसविणे.

हा प्रश्न आता केवळ महानगरांपुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरातील दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर निर्बंध घातले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम ठेवले. त्यानंतर तेथील अनेक जुन्या मोटारी इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी मोटार मूळ किमतीच्या अल्प भागात मिळते. सुट्या भागांच्या किमती मात्र नव्या मोटारीच्याच असतात. संबंधित कंपनीचे सेवा केंद्र शहरात नसल्यास अडचण आणखी वाढते. जबलपूरहून नागपूर सुमारे २७० किलोमीटर आहे आणि खाली बसलेली मोटार स्वतः चालवत तेथवर नेणे धोक्याचे ठरते.

यंत्रणेचे कार्य

या यंत्रणेत प्रत्येक चाकावर रबरी फुगा, हवा भरणारा विजेवरील कॉम्प्रेसर, हवेतील ओल शोषणारा ड्रायर, हवा वाटून देणाऱ्या झडपांचा संच, उंची मोजणारे संवेदक आणि या सर्वांवर देखरेख करणारा संगणकीय नियंत्रक असतो. बऱ्याच मोटारींत हवेची साठवण टाकीही असते. भार वाढला की नियंत्रक फुग्यातील दाब वाढवितो आणि मोटारीची उंची कायम राखतो.

पोलादी स्प्रिंगला हे साधत नाही. मागील दोन्ही स्प्रिंगांचा एकत्रित ताठरपणा चाकापाशी प्रति मिलिमीटर ६० न्यूटन आहे असे मानू. मागच्या आसावर २०० किलो भार वाढल्यास मोटारीचा मागील भाग सुमारे ३३ मिलिमीटर खाली जाईल. भरलेल्या हवेच्या फुग्याचा ताठरपणा भारासोबत वाढत असल्याने मोटार रिकामी असो वा भरलेली, प्रवासातील आराम जवळपास सारखा राहतो. ही यंत्रणा खर्चिक असूनही वापरली जाते, त्याचे कारण हे आहे.

दोष नेमका कोठे?

निर्णयाची पहिली पायरी निदान ही आहे. पुष्कळदा बिघाड एकाच भागात असतो आणि खर्च मात्र संपूर्ण यंत्रणेचा सांगितला जातो. प्राथमिक तपासणी मालकाला स्वतः करता येते. मोटार सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर रात्री मोजून लिहून ठेवावे आणि बारा तासांनंतर, मोटार सुरू करण्यापूर्वी, पुन्हा मोजावे.

एकच कोपरा खाली गेला असल्यास त्या चाकाचा फुगा, त्याची नळी किंवा जोडणी संशयास्पद ठरते. एकाहून अधिक कोपरे एकत्र खाली बसत असल्यास झडपांचा संचही तपासावा लागतो. मोटार सुरू केल्यावरही वर उचलली जात नसेल आणि कॉम्प्रेसरचा आवाज येत नसेल, तर प्रथम फ्यूज आणि रिले पाहावा. हे भाग स्वस्त असतात. साबणाचे पाणी शिंपडल्यास बुडबुड्यांवरून गळतीची जागा कळते.

हवामानाचा परिणामही ध्यानात घ्यावा लागतो. हिवाळ्यात दुपारी २६ अंशांवर असलेली हवा पहाटे ९ अंशांपर्यंत थंड झाली, तर तितक्याच भाराखाली तिचे आकारमान सुमारे सहा टक्क्यांनी घटते. त्यामुळे चारही कोपरे सारखेच किंचित उतरले असतील तर ती गळती असेलच असे नाही. उन्हाळ्यात जबलपुरातील पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि अशा उष्णतेने रबर कडक होऊन त्यास चिरा पडतात. पावसाळ्यातील दमट हवेने ड्रायरची शोषणक्षमता संपते व ओल आतील भागांपर्यंत पोहोचते.

लहान गळतीकडे दुर्लक्ष केल्यास कॉम्प्रेसरला वारंवार चालावे लागते आणि अखेर तो जळतो. केवळ कॉम्प्रेसर बदलून गळती तशीच ठेवली, तर नवा कॉम्प्रेसरही त्याच मार्गाने जातो. एका फुग्याचा खर्च टाळण्याच्या प्रयत्नात दोन मोठे खर्च ओढवतात, ते असे.

स्प्रिंग बसविल्याने काय मिळते, काय जाते?

कॉइल स्प्रिंगमधून हवा गळत नाही, तिला कॉम्प्रेसर लागत नाही आणि ती कोणत्याही कुशल कारागिराला बदलता येते. तिचे आयुष्य दीर्घ असते. दुर्गम भागात राहणाऱ्या मालकासाठी हे लाभ मोठे आहेत.

त्याबदल्यात उंची कमी-जास्त करण्याची सोय आणि भारानुसार समतोल राखण्याची क्षमता जाते. अनेक मोटारींत फुगा आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच भागात जोडलेले असतात आणि शॉक ॲब्सॉर्बरचेही नियंत्रण विजेवर होते. अशा मोटारीत स्प्रिंगसोबत शॉक ॲब्सॉर्बरही बदलावा लागतो आणि नियंत्रकास नव्या रचनेची नोंद द्यावी लागते. तसे न केल्यास डॅशबोर्डवरील इशारा दिवा सतत पेटलेला राहतो आणि पुढे खरा बिघाड झाला तरी तो ओळखता येत नाही. काही मोटारींत हेडलाइटच्या झोताची पातळीही उंचीच्या संवेदकांवरून ठरते. संवेदक काढून टाकल्यास समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर प्रकाश पडण्याचा संभव असतो.

सहा दशकांचा अनुभव

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत १९५७ मध्ये आलेल्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅम या मोटारीत चारही चाकांवर एअर सस्पेन्शन होते. गळतीला कंटाळून तिच्या अनेक मालकांनी कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या. पुढे लिंकन टाउन कार या मोटारीच्या केवळ मागील चाकांवर हवेचे फुगे आले. त्यात शॉक ॲब्सॉर्बर वेगळा असल्याने स्प्रिंग बसविणे सोपे होते आणि असा बदल तेथे सर्रास झाला. फुगा आणि शॉक ॲब्सॉर्बर वेगळे असतील तर बदल सुकर होतो आणि एकत्र असतील तर अवघड, हा या उदाहरणाचा बोध आहे.

जबलपूरचा स्वतःचा वारसाही या संदर्भात बोलका आहे. येथील वाहन निर्माणीत १९९९ पर्यंत तयार होणाऱ्या लष्करी जोंगा वाहनाच्या नावातच जबलपूरचे आद्याक्षर होते. हे वाहन पोलादी पाट्यांवर, म्हणजेच लीफ स्प्रिंगवर उभे असे. सुट्या भागांच्या पुरवठ्यापासून दूर चालणाऱ्या वाहनासाठी आरामापेक्षा टिकाऊपणा आणि जागेवरच होणारी दुरुस्ती महत्त्वाची असते.

याउलट, भारतात २००१ पासून धावू लागलेल्या व्होल्वो बसगाड्याही हवेच्या फुग्यांवरच चालतात आणि भरलेल्या प्रवाशांसह रोज शेकडो किलोमीटर अंतर कापतात. तेथे फुगा हा टायरप्रमाणे ठरावीक काळाने बदलावयाचा भाग समजला जातो. दोष हवेच्या तत्त्वात नसून देखभालीच्या अभावात असतो, हे यावरून दिसते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर मर्यादा आहेत. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी पुस्तिकेत स्प्रिंगचा उल्लेख नाही म्हणून बदल आपोआप मान्य ठरत नाही. काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोहोंकडे लेखी विचारणा करणे श्रेयस्कर. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणावेळी वाहनाची तपासणी होते, हेही विसरू नये.

निर्णय कसा घ्यावा?

तीन लेखी अंदाजपत्रके घ्यावीत : केवळ सदोष भाग बदलण्याचे, संपूर्ण हवेची यंत्रणा नवी करण्याचे आणि स्प्रिंग बसविण्याचे. तिसऱ्या अंदाजपत्रकात शॉक ॲब्सॉर्बर, नियंत्रकातील फेरनोंद आणि चाकांचे अलाइनमेंट यांचा समावेश असावा. अन्यथा तुलना फसवी ठरते.

दोष एकाच फुग्यात, नळीत वा रिलेमध्ये असेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर दुरुस्तीच योग्य. मोटार दोन-तीन वर्षांत विकावयाची असल्यासही मूळ यंत्रणा राखणे हिताचे, कारण खरेदीदार अशा बदलाकडे साशंकतेने पाहतो. मोटार नेहमी भरून जात असेल किंवा मागे ट्रेलर ओढावा लागत असेल, तर हवेची यंत्रणा सोडू नये.

मोटार बरीच जुनी आहे, अनेक फुगे एकाच वेळी निकामी झाले आहेत, सुटे भाग मिळत नाहीत आणि मालकास ती दीर्घकाळ वापरावयाची आहे, अशा स्थितीत परवानगीच्या अधीन राहून कॉइल स्प्रिंगचा विचार रास्त ठरतो. मात्र स्प्रिंग त्याच प्रतिरूपासाठी बनविलेली असावी आणि ती किमान एका आसाच्या दोन्ही बाजूंना एकत्र बसवावी. दुसऱ्या मोटारीची स्प्रिंग कापून बसविणे टाळावे. काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

सुरक्षिततेची खबरदारी

निर्णय होईपर्यंत पूर्ण खाली बसलेली मोटार रस्त्यावर आणू नये. टायर मडगार्डला घासून फुटू शकतो आणि सुकाणूवरील नियंत्रण जाऊ शकते. केवळ हवेच्या दाबावर उचललेल्या मोटारीखाली कोणीही शिरू नये. दाब अचानक सुटल्यास मोटार क्षणात खाली येते. काम करताना यंत्रणा जॅकच्या अवस्थेत ठेवून सांगाड्याखाली भक्कम आधार द्यावा. ही दक्षता मालकाइतकीच कारागिरानेही घ्यावी, कारण गाडीखाली जाणारा जीव बहुधा त्याचाच असतो.