मद्यमुक्तीची पहिली सभा : अक्रन, १९३५

'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या परस्पर-साहाय्य चळवळीचा उगम मदत देणाऱ्याच्याच गरजेत आढळतो. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे बिल विल्सन व्यवसायानिमित्त अमेरिकेतील अक्रन येथे आले व अपयशी ठरले. हॉटेलातील मद्यालय पाहून त्यांचा पाच महिन्यांचा संयम ढळू लागला. तेव्हा त्यांनी धर्मगुरूंना दूरध्वनी करून दुसऱ्या मद्यासक्ताचा शोध घेतला. १२ मे रोजी शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ भेटले. पंधरा मिनिटांसाठी आलेले डॉक्टर तासन्‌तास बोलत बसले. पुढे एकदा त्यांचा निर्धार मोडला. १० जून १९३५ रोजी मात्र त्यांनी शेवटचे मद्य घेतले. तोच स्थापनादिन मानला जातो. सारांश, सभेत नवागताचे स्वागत केवळ दयेपोटी होत नाही. त्याच्या येण्याने जुन्या सदस्याचाही संयम टिकतो.