नवग्रहांत पृथ्वी का नाही?

नवग्रहांना प्रदक्षिणा घालताना एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. तिथे सूर्य आहे, चंद्र आहे, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आहेत. ज्यांना स्वतःचे बिंबच नाही असे राहू-केतूही आहेत. नाही ती फक्त पृथ्वी. कारण साधे आहे. ग्रह म्हणजे आकाशात सरकताना दिसणारी वस्तू, आणि पृथ्वी आपल्या आकाशात नसून पायाखाली आहे. म्हणून तिला आपण वेगळे स्थान दिले. ती आई झाली. सकाळी उठल्यावर जमिनीला पाय लावण्याआधी तिची क्षमा मागायची, हा आपला रिवाज. तिची नावेही तशीच: अचला, स्थिरा, क्षमा, वसुंधरा.

पण जिथून पृथ्वी आकाशात दिसते, तिथे राहणाऱ्यांनी तिच्याविषयी काय मानले असते? तिला देव केले असते की राक्षस? हा प्रश्न रॉकेटच्या काळातला वाटतो. प्रत्यक्षात एका जर्मन गणितज्ञाने तो सुमारे चारशे वर्षांपूर्वी स्वतःला घातला होता आणि त्याचे उत्तर हिशेब मांडून दिले होते. त्याचे नाव योहान्स केपलर.

स्टुटगार्टहून एस-६ ही लोकल पकडली की लेऑनबेर्गवरून ती शेवटच्या स्थानकाला, वाइल डेर श्टाटला, जाते. केपलरचा जन्म १५७१ साली याच गावात झाला. बाजारचौकात १८७० साली उभारलेला त्याचा पुतळा आहे. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हा त्याचा नियम आपण शाळेत शिकतो. पण ट्युबिंगेनला विद्यार्थी असताना, १५९३ साली, त्याच्या डोक्यात वेगळेच घोळत होते: चंद्रावर उभे राहिलो तर आकाश कसे दिसेल? कोपर्निकसचे म्हणणे तेव्हा विद्यापीठात जपूनच बोलावे लागे. पृथ्वी फिरते असे म्हटले की समोरचा विचारी, मग आम्हाला ते जाणवत का नाही? केपलरला वाटले, या माणसाला चंद्रावर नेऊन उभे करावे. तिथल्या रहिवाशालाही आपली जमीन ठाम आणि बाकी सगळे फिरते असेच वाटणार. चंद्र फिरतो हे तर आपण रोज डोळ्यांनी पाहतो. मग चंद्रावरच्या माणसाची जी फसगत, तीच आपलीही असू शकते.

हा विषय त्याने आयुष्यभर सोडला नाही. प्राग येथे सम्राटाचा गणिती असताना, १६०९ च्या सुमारास, त्याने त्यावर 'सोम्नियम', म्हणजे 'स्वप्न', नावाची छोटी लॅटिन कथा लिहिली. पुढे तिला २२३ टिपा जोडल्या. टिपा मूळ कथेपेक्षा कितीतरी मोठ्या झाल्या. पुस्तक छापून झाले ते त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६३४ साली, मुलाच्या खटपटीने.

कथेत आइसलंडचा एक मुलगा आहे. त्याची आई जडीबुटी विकते आणि तिला एक आत्मा वश आहे. तो आत्मा येऊन चंद्राचे वर्णन करतो. चंद्राचे नाव लेव्हानिया. चंद्राला हिब्रूत जो शब्द आहे त्यावरून ते घेतलेले. अंतर पन्नास हजार जर्मन मैल, म्हणजे आजच्या हिशेबाने पावणेचार लाख किलोमीटरच्या आसपास. खऱ्या अंतराच्या बरेच जवळ. आणि लेव्हानियाचे लोक आपल्या पृथ्वीला म्हणतात व्होल्वा, म्हणजे गरगर फिरणारी.

हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. आपण पृथ्वीला अचला म्हणतो, ते तिला फिरणारी म्हणतात. पण गंमत पुढेच आहे. चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते. त्यामुळे चंद्रावर एका जागी उभे राहिले तर पृथ्वी उगवतही नाही आणि मावळतही नाही. थोडीशी डुलते, पण आकाशात एका ठिकाणी खिळा ठोकल्यासारखी राहते. तिच्यामागून सूर्य आणि तारे सरकत जातात, ती मात्र तिथल्या तिथे स्वतःभोवती फिरताना दिसते. म्हणजे लेव्हानियाच्या लोकांना ती एकाच वेळी अचलाही आहे आणि व्होल्वाही. आपल्याकडे अढळपद ध्रुवाला दिले. त्यांच्याकडे पुराणे असतीच, तर ते पृथ्वीला मिळाले असते.

केपलरने या व्होल्वाचे वर्णन बारकाईने केले आहे. तिचा व्यास आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या जवळजवळ चौपट. तिलाही कला आहेत, पण उलट्या: आपल्याकडे अमावास्या असते तेव्हा तिथे व्होल्वा पूर्ण भरलेली. तिच्यावरचे डाग सतत सरकत असल्यामुळे तिथल्या लोकांना ती घड्याळासारखी उपयोगी पडते. आपण चंद्रावर ससा किंवा हरीण पाहतो, तसे त्यांना व्होल्वावर काय दिसत असेल, हेही त्याने सांगितले आहे. आफ्रिकेच्या जागी खांद्यापासून वरचे एक मुंडके, त्याचे चुंबन घ्यायला वाकलेली लांब झग्यातली मुलगी म्हणजे युरोप, आणि तिने मागे केलेल्या हाताकडे झेप घेणारे मांजर म्हणजे स्कँडिनेव्हिया. दुसऱ्या बाजूला दोरीला टांगलेली घंटा, ती दक्षिण अमेरिका. ज्या खंडांसाठी राजे लढत होते, त्यांचे तिथे एवढेच: एक मुलगी, एक मांजर, एक घंटा.

मग त्याने चंद्राची दोन भागांत वाटणी केली. ज्यांना व्होल्वा दिसते तो भाग सबव्होल्वा, आणि जो तिला कायमचा मुकला तो प्रिव्होल्वा. पहिल्या भागातल्या लांबलचक रात्रीही व्होल्वाच्या उजेडात सुसह्य होतात. तो भाग आपल्या गावांसारखा, बागांसारखा. दुसऱ्या भागात चौदा-पंधरा दिवसांची काळीकुट्ट, गोठवणारी रात्र. तिथल्या जीवांना ठावठिकाणा नाही. पाण्याच्या मागे कोणी लांब पायांनी, कोणी पंखांनी, कोणी होड्यांतून टोळ्याटोळ्यांनी भटकतात. चंद्रावरच्या या समाजात उच्च-नीच ठरवायचे झाले तर निकष एकच: कोणाच्या डोक्यावर पृथ्वी आहे आणि कोणाच्या नाही.

इथे आपल्याकडचा एक हिशेब आठवतो. पितर चंद्रावर राहतात ही आपली जुनी समजूत. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी'त ती भूमितीत बसवली. (चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे, तेच हे भास्कराचार्य.) त्यांच्या मते पितरांची वस्ती चंद्राच्या वरच्या भागावर आहे, म्हणजे आपल्या विरुद्ध बाजूला. म्हणून अमावास्येला सूर्य त्यांच्या बरोबर डोक्यावर असतो आणि ती त्यांची दुपार. आपली पौर्णिमा ही त्यांची मध्यरात्र. पितरांचा एक अहोरात्र म्हणजे आपला एक महिना. हा हिशेब आणि केपलरचा हिशेब तंतोतंत जुळतो. आकाश एकच, भूमितीही एकच. दोघांच्या मध्ये साडेचारशे वर्षे.

भास्कराचार्यांनी पुढचे वाक्य लिहिलेले नाही, पण भूमिती ते आपोआप सांगते. पितर ज्या बाजूला राहतात तिथून पृथ्वी कधीच दिसत नाही. केपलरच्या भाषेत ते प्रिव्होल्वाचे रहिवासी. सर्वपित्री अमावास्येला आपण ज्यांच्यासाठी पान वाढतो, त्यांच्या आकाशात आपण नाहीच. मग त्यांच्या पुराणांत पृथ्वी काय असेल? न दिसणारी, फक्त सांगोवांगी ठाऊक असलेली जागा. जिथून महिन्यातून एकदा भर दुपारी कोणीतरी जेवण पाठवते. आपल्यासाठी जसा परलोक, तसा त्यांच्यासाठी आपण परलोक.

आणि राहूचे काय? चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे होते हे आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्येच सांगितले होते. लोकांनी मात्र राहूला सोडले नाही. आता हेच ग्रहण चंद्रावरून पाहा. तिथे ते सूर्यग्रहण. भलामोठा काळा गोळा सूर्यावर येतो, त्याच्या कडेने लालसर वलय पेटते, आणि सगळा प्रदेश तांबड्या अंधारात बुडतो. अमेरिकेच्या सर्व्हेयर-३ या यानाने एप्रिल १९६७ मध्ये चंद्रावरून हे दृश्य खरोखर टिपले. म्हणजे लेव्हानियाच्या पुराणांत सूर्याला गिळणारा राहू दुसरा कोणी नसून आपली क्षमाशील वसुंधरा. केपलरच्या कथेत तर हीच सावली रस्ता होते: आत्मे माणसाला चंद्रावर नेतात ते ग्रहणाच्या वेळी, सावलीच्या बोगद्यातून, चार तासांत.

आतापर्यंतचे सगळे कल्पनेचे सुख. पण दुसऱ्या जगाच्या डोळ्यांनी पाहण्याची किंमत केपलरच्या घराने मोजली. लेऑनबेर्गमध्ये त्याची आई काथारिना राहत असे. तीही जडीबुटी जाणणारी. १६१५ साली एका शेजारणीने तिच्यावर चेटकीण असल्याचा आळ घेतला: हिने दिलेल्या पेयाने मी आजारी पडले. ऑगस्ट १६२० मध्ये तिला अटक झाली. सत्तरी ओलांडलेली ती म्हातारी चौदा महिने कैदेत होती, त्यातला बराच काळ ग्युग्लिंगेनला साखळदंडात. केपलर लिंत्सहून आला, वकिलाच्या चिकाटीने खटला लढला आणि आरोप एकेक करून खोडणारे लांबलचक निवेदन सादर केले. शेवटी छळाची हत्यारे दाखवून तिला कबुलीसाठी धमकावले. ती बधली नाही. ऑक्टोबर १६२१ मध्ये सुटली आणि पुढच्या एप्रिलमध्ये वारली.

'स्वप्ना'चे हस्तलिखित १६११ मध्ये प्रागहून बाहेर गेले होते आणि ट्युबिंगेनपर्यंत पोचले होते. गणितज्ञाची आई आत्मे बोलावते, ही कुजबुज त्यातूनच पसरली, असे केपलरला वाटत राहिले. आजचे इतिहासकार हे फारसे मानत नाहीत. गावातली भांडणे आणि अधिकाऱ्याचा आकस एवढे कारण पुरेसे होते. पण केपलरच्या मनातून ते गेले नाही. त्या २२३ टिपांचे एक काम हेही आहे. प्रत्येक गोष्टीचा तो खुलासा करतो: आत्मा म्हणजे खगोलशास्त्र, कथेतली आई म्हणजे अडाणी अनुभव, आणि त्या अनुभवाच्या पोटी जन्मलेले लेकरू म्हणजे शास्त्र. एका मुलाने आईच्या मृत्यूनंतरही तिची बाजू मांडत राहावे, तसे ते वाचताना वाटते.

जर्मनीत हा प्रश्न पुढेही विचारला गेला. गोठा गावातल्या कुर्ड लासवित्स या शिक्षकाने १८९७ साली 'दोन ग्रहांवर' ही कादंबरी लिहिली. आपल्याकडे मंगळ हा भूमिपुत्र, भौम. त्यामुळे मंगळावरून पाहिले तर पृथ्वी आईच ठरावी. लासवित्सच्या मंगळवासीयांना मात्र ती सूर्याची भरपूर ऊर्जा असलेली श्रीमंत जागा आणि तिथली माणसे मागासलेली. आधी ते सज्जनपणे येतात, मग ब्रिटिश आरमाराला नमवतात, आणि शेवटी 'तुम्हाला सुधारतो' म्हणत युरोपवर संरक्षित राज्य लादतात. सत्ता त्यांनाही बिघडवते. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही कादंबरी परग्रहाची वाटत नाही.

आज प्रिव्होल्वा हे नुसते स्वप्न राहिलेले नाही. जानेवारी २०१९ मध्ये चीनचे छांग-अ ४ यान चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरले. तिथून पृथ्वी दिसत नाही, म्हणून थेट संदेशही येत नाही. मध्ये एक उपग्रह ठेवावा लागला. त्याचे नाव एका चिनी लोककथेवरून ठेवले आहे: ताटातूट झालेल्या जोडप्याला भेटवण्यासाठी पक्ष्यांनी बांधलेला पूल. आपले विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी अलीकडच्या बाजूला, दक्षिण ध्रुवाकडे, उतरले. त्याच्या आकाशात पृथ्वी क्षितिजापासून थोडी वर, एकाच जागी.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना केपलरची वाटणी जरा जास्तच समजते. आपल्या पिढीच्या आकाशात गाव ठरलेल्या जागी लटकलेले असते. आपण निघालो त्या दिवशी जसे होते तसेच ते आहे, असे आपण धरून चालतो आणि त्यावर आपली घड्याळे लावतो. दर सुट्टीत गेल्यावर कळते की ते तिथल्या तिथे सारखे फिरत होते. आणि इथे जन्मलेली आपली मुले? त्यांतली काही सबव्होल्वाची, काही प्रिव्होल्वाची, बरीचशी सीमेवरची, जिथून तो गोळा कधी डोकावतो, कधी बुडतो. त्यांच्या मनातले महाराष्ट्राचे चित्र आपल्यापेक्षा वेगळे असणार. ते चुकीचे ठरवण्याआधी त्यांना आपल्या खंडात मुलगी दिसते, मांजर दिसते की घंटा, हे एकदा विचारून पाहावे.