बडोद्याची ललित कला विद्याशाखा : विद्यार्थ्यांच्या पुढाकाराची परंपरा

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा १९५० मध्ये सुरू झाली. शहरात ती ‘फाइन आर्ट्स’ याच नावाने ओळखली जाते. कलाविषयात विद्यापीठीय पदवी देणाऱ्या देशातील आरंभीच्या संस्थांमध्ये तिची गणना होते. कलाशिक्षण या शहराला नवे नव्हते. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके यांनीही शिक्षण घेतले होते.

इंदूर येथे जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे यांनी १९६६ पर्यंत येथे अध्यापन केले. त्यांच्या प्रेरणेने १९५६ मध्ये ‘बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स’ स्थापन झाला. ज्योती भट्ट, शांती दवे हे विद्यार्थी त्यात शिक्षकांच्या बरोबरीने सहभागी झाले. पुढे साठच्या दशकात सुरू झालेल्या ‘फाइन आर्ट्स फेअर’मध्ये विद्यार्थी व शिक्षक एकत्र बसून खेळणी आणि कलावस्तू घडवू लागले, त्या नागरिकांना विकू लागले. कलाशाळा आणि शहर यांच्यातील अंतर या जत्रेने कमी केले.

या विद्याशाखेत घडलेल्या गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर यांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ हे नियतकालिक चालवले. ललित कला अकादमीच्या कारभाराविरुद्ध कलावंतांनी उभारलेल्या आंदोलनाचे ते व्यासपीठ ठरले. खक्कर व्यवसायाने सनदी लेखापाल होते. त्यांच्या निधनानंतर २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. शेख यांना २०१४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९८७ मध्ये केरळमधून आलेल्या तरुण कलावंतांच्या गटाने कलेच्या बाजारीकरणाला आव्हान देणारे ‘क्वेश्चन्स अँड डायलॉग’ हे प्रदर्शन बडोद्यातच भरवले.

या परंपरेची कठोर परीक्षा मे २००७ मध्ये झाली. अंतिम मूल्यमापनासाठी मांडलेल्या कलाकृतींवर धार्मिक भावना दुखावल्याचा आक्षेप घेण्यात आला आणि पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याला अटक झाली. त्याच्या सहाध्यायांनी निषेधार्थ भारतीय व पाश्चात्त्य कलेच्या इतिहासातील शृंगारचित्रणाचे प्रदर्शन मांडले. ते बंद करण्यास नकार देणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केले. अटक झालेल्या विद्यार्थ्याची सुटका जामिनावर झाली. मात्र त्याचा निकाल अनेक वर्षे रखडला.

परीक्षेसाठी केलेली कलाकृती ही परीक्षकांपुढील अभ्यासकृती मानावी की सार्वजनिक प्रदर्शन, हा त्या प्रकरणातील कळीचा प्रश्न होता. विद्यार्थ्याला चुकत-माकत शिकण्यासाठी लागणारे संरक्षण विद्यापीठाने द्यायचे की नाही, याचे उत्तर त्यावर अवलंबून असते. गट, जत्रा, नियतकालिक आणि प्रदर्शन या मार्गांनी बडोद्याच्या विद्यार्थ्यांनी जे कमावले, ते संस्थेने दिलेल्या मोकळिकीमुळेच शक्य झाले होते.