तंबोऱ्याचे माहेर

हौशी गवयाच्या संग्रही अनेक वाद्ये असली, तरी त्याचा जीव जडलेला असतो तंबोऱ्यावर. आणि तंबोरा म्हटला की मिरजेचे नाव निघते. तेथील शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी वाद्यनिर्मिती आरंभिली. परंतु या वाद्याचे माहेर सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात आहे. तेथील कडू भोपळा खाण्यास निरुपयोगी. मात्र पक्व होऊन वाळला व आतून कोरला, म्हणजे तोच स्वराला घुमारा देतो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकन लाभले. तथापि मान वाद्यास मिळाला, तरी त्याचे भवितव्य शेतकऱ्याच्या हाती आहे. न परवडल्यामुळे त्याने हा वेल लावणे सोडले, तर मिरजेच्या कारागिराचे कसबही निराधार होईल.