खर्चाच्या वहीतून इंग्रजी व्याकरण: किशोरवयीन मुलांना कसं शिकवता येतं?

पीएम किसानचा हप्ता जमा झाला की फोनवर मेसेज येतो. बँकांचे मेसेज बहुतेक इंग्रजीत असतात, साधारण असे: ‘युवर अकाउंट हॅज बीन क्रेडिटेड विथ रुपीज टू थाउजंड.’ चिखली-मेहकरकडच्या एखाद्या घरात आजी फोन नातवापुढे धरते आणि विचारते, ‘बाबू, पैसे आले का गेले?’ नातू दहावीत आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे त्याचं हे इंग्रजीचं दहावं वर्ष. ‘राम किल्ड रावण’चं ‘रावण वॉज किल्ड बाय राम’ तो झोपेतही करेल. पण हा मेसेज त्याच कर्मणी प्रयोगात आहे, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

आशय आणि भाषा एकत्र शिकवण्याची ही पद्धत नवी नाही. युरोपात १९९४ च्या सुमारास डेव्हिड मार्श यांनी तिला ‘क्लिल’ हे नाव दिलं. तिथे इतिहास-विज्ञान इंग्रजीतून शिकवत भाषा पक्की करतात. आपल्याकडे त्यासाठी विषय आयता आहे: स्वतःचे पैसे.

मेसेजमधला कर्ता कुठे गेला?

सुरुवात इथूनच करावी, कारण इथे चूक महागात पडते. ‘क्रेडिटेड’ म्हणजे जमा, ‘डेबिटेड’ म्हणजे वजा. हे दोन शब्द फळ्यावर आले की पुढचा प्रश्न: हे केलं कुणी? ‘अकाउंट हॅज बीन डेबिटेड’ या वाक्यात कर्ता नाही. कर्मणी प्रयोगाची खरी गंमत हीच, की करणारा लपवता येतो. मुलांना मेसेजमध्ये ‘बाय’ किंवा ‘टू’ नंतरचं नाव शोधायला लावा. नाव ओळखीचं आहे का?

मग फसवा मेसेज घ्या: ‘युवर अकाउंट विल बी ब्लॉक्ड टुनाइट.’ कोण ब्लॉक करणार? का? वाक्यात दोन्ही नाही, फक्त धमकी आहे आणि सोबत एक लिंक. ज्या मुलाला ‘बाय हूम’ विचारायची सवय लागली, तो लिंकवर बोट ठेवण्याआधी थांबतो. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना लागत नाही, हेही याच तासात सांगून टाकावं. ‘पे’ आणि ‘रिसीव्ह’ ही दोन क्रियापदं त्यातून आपोआप पक्की होतात.

खर्चाची वही, म्हणजेच भूतकाळ

रोज तीन ओळी: आज काय घेतलं, किती दिले, का घेतलं. बाय-बॉट, पे-पेड, स्पेंड-स्पेंट, लेंड-लेंट, कॉस्ट-कॉस्ट. नेहमीच्या वापरातली अनियमित क्रियापदं पैशांच्या व्यवहारात किती आहेत बघा. तक्ता पाठ करण्यापेक्षा ‘येस्टरडे आय स्पेंट ट्वेंटी रुपीज ऑन समोसा’ महिनाभर लिहिणं जास्त टिकतं.

मराठी मुलं हमखास अडखळतात ती जागा म्हणजे ‘बॉरो’ आणि ‘लेंड’. आपण ‘उसने’ एकच शब्द वापरतो आणि घेतले की दिले हे क्रियापदावर सोपवतो. इंग्रजीत दिशा क्रियापदातच आहे. त्यामुळे ‘आय बॉरोड हिम फिफ्टी रुपीज’ असं वाक्य येतं. मित्राला पन्नास रुपये उसने देणाऱ्याने ते असं लिहिलं तर कागदावर तोच कर्जदार दिसतो! मुलं हसतात आणि पुन्हा विसरत नाहीत. ‘मेनी मनी’चंही तसंच. रुपये मोजता येतात म्हणून ‘मेनी रुपीज’, पण ‘मनी’ मोजायचं नाम नाही म्हणून ‘मच मनी’.

‘इफ’ शिकवायला पीककर्ज

कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात ‘इफ’चं सगळ्यात मोठं उदाहरण घरातच असतं. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला व्याज पडत नाही. ‘इफ वी रिपे ऑन टाइम, वी विल पे नो इंटरेस्ट.’ आता ‘इफ’ काढून ‘अनलेस’ घाला: ‘अनलेस वी रिपे ऑन टाइम, वी विल पे इंटरेस्ट.’ एका शब्दाने अट उलटी झाली.

‘पर’ हा छोटा शब्दही इथे घ्यावा. सावकार ‘शेकडा दोन’ म्हणतो तेव्हा ते ‘पर मंथ’ असतं, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. बँकेचा सात टक्के दर मात्र ‘पर इयर’ असतो. दोन आणि सातमध्ये दोन लहान दिसतो, तो केवळ ‘पर’ पुढचा शब्द वाचला नाही म्हणून.

आणि ‘अप टू’. ‘अप टू फिफ्टी पर्सेंट ऑफ’ या पाटीत पन्नास ही कमाल आहे, हमी नव्हे. तसंच बँकठेवींच्या विम्याचं. फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे, त्याहून जास्त नाही. बुलढाण्यात पतसंस्थांची परंपरा मोठी आहे. १९८६ मध्ये सुरू झालेली बुलडाणा अर्बन ही तर बहुराज्य संस्था झाली. म्हणून एक फरक मुलांना माहीत असावा: हा विमा बँकांतल्या ठेवींना आहे, पतसंस्थांतल्या ठेवींना नाही. ‘बँक’ आणि ‘क्रेडिट सोसायटी’ हे समानार्थी शब्द नव्हेत.

वर्गात काय जपावं?

घरचा जमाखर्च मुलांना वर्गात वाचायला लावू नये. एकाच बाकावर शेतमजुराचं आणि दुकानदाराचं मूल बसलेलं असतं. त्यापेक्षा एक काल्पनिक कुटुंब ठरवा, त्याला ठरावीक उत्पन्न द्या आणि सगळ्यांनी त्याचाच हिशेब लिहावा. स्वतःची वही ज्याची त्याच्याकडे. शिक्षकाने फक्त वाक्यं तपासावीत, खर्च नाही. ‘चिप्सवर एवढे कशाला उडवलेस?’ असं एकदा जरी विचारलं तरी दुसऱ्या दिवसापासून वहीत खोटं यायला लागतं, आणि खोट्या खर्चाचं व्याकरण कितीही शुद्ध असलं तरी काय उपयोग?

परीक्षेतलं सगळं व्याकरण यातून होणार नाही, हे खरं. पण ‘रिपोर्टेड स्पीच’साठी मात्र फसवणुकीचा फोन छान चालतो: फोनवरचा माणूस काय म्हणाला, ते पोलिसांना सांगायचं आहे असं समजून लिहा. वाचायला रिझर्व्ह बँकेची ‘राजू अँड द फॉर्टी थीव्ज’ ही फसवणुकीच्या चाळीस गोष्टींची चित्रपुस्तिका मोफत मिळते. दहा वर्षांवरील मुलं बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू शकतात. ज्यांचं खातं आहे त्यांना पुढचा सराव शोधावा लागत नाही, तो फोनवर येतच असतो. आणि मेसेज वाचून पैसे खरंच गेल्याचं दिसलं, तर सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर लगेच करायची असते.